शपथेविना चाललेली शीव

समजा, उद्या सकाळी तुम्हाला दोन गावांची शीव चालून दाखवायची आहे. चालायची म्हणजे खरोखरच पायांनी. डाव्या हाताला एक गाव, उजव्या हाताला दुसरं. दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन तुमच्या मागनं येतायत. समोर ना बांध, ना कुंपण, ना धोंडा. नुसता माळ, कुसळं आणि निवडुंग. तुम्ही जिथं पाऊल टाकाल तिथं मागचा माणूस चुन्याची फक्की टाकणार, आणि त्या पांढऱ्या रेघेच्या अलीकडचं एका गावाचं होणार, पलीकडचं दुसऱ्याचं. पाऊल जरा इकडं पडलं तर कुणाचं तरी आंब्याचं झाड गेलं, जरा तिकडं पडलं तर कुणाची तरी विहीर गेली. तुमच्या डोक्यावर त्याच शिवेचं ओलं ढेकूळ ठेवलंय, लिंबाच्या डहाळीत गुंडाळून. कपाळाला देवीचा भंडारा आहे. खोटं पाऊल पडलं तर वर्षाच्या आत तीच माती तुम्हाला पोटात घेणार असं सगळं गाव मानतं, आणि तुम्हीही मानता.

चाला आता.

माळगट्टीच्या यल्लाप्पाच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. माळगट्टी हे निपाणीजवळचं गाव, इंग्रजी अमलातलं. त्याचा सारा चिकोडीला जायचा. माळापलीकडची कुरडवाडी मात्र कोल्हापूर संस्थानातली. म्हणजे यल्लाप्पाचा बाप मष्णू जी शीव चालायचा ती नुसती दोन गावांची नव्हती, दोन सरकारांची होती. मष्णू जातीनं महार. गावच्या विहिरीच्या पायरीवर त्याला पाय ठेवता येत नव्हता, पण शिवेवर त्यानं पाय ठेवला की पाटलालाही तो मानावा लागायचा. एरवी त्याला कुणी काही विचारायचं नाही, शिवेवर मात्र त्याचाच शब्द शेवटचा. तोही डोक्यावर ढेकूळ असेल तरच.

मष्णूनं पोराला शीव शिकवली ती अशी. "जमिनीकडं बघून चालू नगंस," तो सांगायचा. "जमिनीकडं बघितलं की ती कुनाची हाय ते दिसतंय, आन् मग पाय वाकडा पडतोय. मागं त्यो उंबर बघ. फुडं डोंगराची खाच बघ. दोनी एका दोरीत धर आन् चाल." मोजणीखात्यातले लोक दुर्बीण लावून जे करतात तेच हे. मष्णूच्या डोक्यात त्याला नाव नव्हतं इतकंच. मधल्या टप्प्यावर लहानशा टेकडीएवढं एक बोडकं टेक लागायचं. शीव त्या टेकाच्या माळगट्टीकडच्या अंगानं जायची, पायथ्याशी, निवडुंगाच्या जाळीत बुडालेल्या दोन धोंड्यांच्या मधनं. म्हणजे टेक कुरडवाडीचं. हे मष्णूला माहीत होतं, यल्लाप्पाला माहीत होतं. बाकी कुणाला ते माहीत असण्याची गरज पडली नव्हती, कारण त्या टेकावर कुसळापलीकडं काही उगवत नव्हतं.

मष्णू वारला. यल्लाप्पाचं मनुबाईशी लग्न झालं. हंगामात तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत बोद, म्हणजे भलीमोठी पोती, उचलायला जायला लागला. खांद्यावर तंबाखूचे भरलेले बोद आणि नाकात दिवसभर तिचा उग्र वास. तिथं बाजाराच्या दिवशी मिशनचे उपदेशक नागोजी मास्तर पिंपळाखाली उभे राहून बोलायचे. माणसं ऐकायची, हसायची, पुढं जायची. एकदा मास्तर सांगत होते, की येशूनं शपथच घेऊ नका म्हटलंय, आभाळाची नको आणि जमिनीचीही नको. तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही.

यल्लाप्पानं खांद्यावरचा बोद खाली ठेवला.

"मास्तर, हे समद्यांस्नी हाय? आमास्नी बी?"

"सगळ्यांना."

"म्हंजे डोस्क्यावर ढेकूळ नसलं तरी माझा शबूद त्यो धरतोय म्हनायचं?"

मास्तरांना ढेकळाचं काही कळलं नाही. पण माणसाच्या चेहऱ्यावरचं कळलं. "धरतो," ते म्हणाले.

वखारीचा मुकादम ओरडला म्हणून यल्लाप्पानं बोद परत खांद्यावर घेतला. पण पुढं लोक त्याला विचारायचे, की तू ख्रिस्ती कशासाठी झालास, दाण्यासाठी की शाळेसाठी, तेव्हा तो हीच गोष्ट सांगायचा. ज्या देवाला माझा साधा शब्द चालतो, त्याच्याकडं मी गेलो. बाप्तिस्म्याच्या दिवशी गोऱ्या पाद्रीसाहेबांनी सुचवलं, की यल्लम्मा देवीचं नाव आता कशाला, अब्राहाम घे. यल्लाप्पा हात जोडून म्हणाला, "नाव बानं ठेवलंय, सायेब. देवीचं असंल, पर हाक बाची हाय." साहेब हसले आणि त्यांनी यल्लाप्पाच्या डोक्यावर यल्लाप्पा म्हणूनच पाणी ओतलं.

मग मानमोडीची साथ आली. जर्मनीशी चाललेली पहिली मोठी लढाई संपत आलेली, आणि घरोघर माणसं तापानं फणफणून तीन रात्री काढायची नाहीत अशी ती साथ. यल्लाप्पाची मुलगी मार्था नुकती बोबडं बोलायला लागली होती. ती गेली. त्याच आठवड्यात नागोजी मास्तरांची बायको गेली. मास्तर तेव्हा माळगट्टीत राहायला आले होते. महारवाड्याच्या कडेला मिशननं बांधलेल्या खोलीत दिवसा शाळा भरायची, रविवारी उपासना. आता या मढ्यांना पुरायचं कुठं? भाऊबंद म्हणाले, तुम्ही आमच्यातनं गेलात, आमच्या मसणवट्यात येऊ नका. तेव्हाचे म्हातारे पाटील ओट्यावर खोकत बसले होते. त्यांनी नुसता हात केला. "जावा तिकडं टेकावर."

यल्लाप्पा पोरीला घोंगड्यात गुंडाळून टेकावर निघाला. पायथ्याची निवडुंगाची जाळी ओलांडताना त्याच्या पायांना कळलं की आपण शीव ओलांडली. पाय क्षणभर थबकले. पण हातावर मेलेलं लेकरू असताना शिवेचं कोण बोलतं? तो वर गेला. माती सारली, प्रार्थना झाली, सगळे उतरले. पुढं मनुबाईनं तिथं सदाफुली लावली. ओढ्याचं पाणी कळशीनं नेऊन ती घालायची. टेकावर आणखी काही थडगी झाली. कुरडवाडीचं कुणी त्या बाजूला फिरकत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

यल्लाप्पाच्या मनात मात्र एक बारीक कुसळ राहिलं. बोचायचं नाही, पण कपडा हलला की कळायचं.

काही वर्षं गेली, आणि एका आषाढात ओढा फुटला. पुरानं शिवेचे धोंडे कुठल्या कुठं नेले, आणि नेता नेता टेकाच्या चारी अंगांनी काळ्याभोर गाळाचा थर आणून टाकला. निपाणीच्या पेठेत तेव्हा तंबाखूला असा भाव होता की लोक उकिरड्यातही रोप लावून बघायचे. एका पावसाळ्यात जो माळ कुणाला नको होता तो दोन्ही गावांना हवासा झाला. चिकोडीच्या नकाशात रेघ टेकाच्या पलीकडनं, कोल्हापूरच्या नकाशात अलीकडनं. दोन्हीकडचे मोजणीदार आले, साखळ्या पसरल्या, चहा प्याले, आणि म्हणाले की वरून दोन्ही सरकारांचा हुकूम येईल तेव्हा एकत्र मोजू; तोवर गावांनी आपसात मिटवावं. गावांनी मिटवायचं म्हणजे जुन्या रीतीनं. शीव चालायची.

आणि चालणारा होता एकच.

माळगट्टीचे पाटील आता मारुतीराव, म्हाताऱ्या पाटलांचे चिरंजीव. त्यांनी यल्लाप्पाला बोलावून घेतलं.

"यल्ला, टेक आपलंच हाय न्हवं?"

"चालल्यावर दिसंल, पाटील."

"चालल्यावर न्हवं रं. चालायच्या आदी इचारतोय."

"आदी काय सांगू? मी काय पाटील हाय, बसल्या जागंवरनं सांगायला?"

ओट्यावरची माणसं हसली. मारुतीरावही हसले, पण त्यांचं हसू लवकर संपलं. "तुझी पोर तितं हाय," ते हळू म्हणाले. "टेक कुरडवाडीकडं गेलं तर नांगर घालतील. तंबाखू लावतील तिच्या छातीवर. हे मी सांगत न्हाय, त्यांचा भीमगोंडा पाटील बोलून गेलाय. ध्यानात ठेव."

यल्लाप्पा उठला. त्याच्या पाठीमागं माणसं बोलत राहिली ती त्याला ऐकू येत होती. चालणार कसा नाही, पोटची पोर आहे त्याची.

संध्याकाळी नागोजी मास्तर घरी आले. मनुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मास्तर उंबऱ्याजवळच बसले, आणि त्यांनी बराच विचार करून आणलेलं बोलणं सुरू केलं.

"यल्लाप्पाभाऊ, तू ख्रिस्ती झालास तेव्हाच हे शीव चालायचं वेसकरकीचं काम सुटलं. ढेकूळ, भंडारा, देवीची आण, हे आपल्याला वर्ज्य आहे. तू सरळ सांग, की मी ख्रिस्ती आहे, मी शीव चालत नाही. खोटं बोलायला नको आणि काही नको. तुझं मन स्वच्छ राहील."

"आन् टेक?"

"तू चालला नाहीस तर दुसरा कोण चालणार? वाद तसाच पडून राहील. हुकूम येईपर्यंत वर्षं जातील. थडगी राहतील."

चुलीवरची भाकरी फुगली. मनुबाईनं ती उलटली नाही.

यल्लाप्पानं हाताच्या तळव्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "मास्तर, ढेकूळ मी घेनार न्हाय. भंडारा बी लावनार न्हाय. त्येचं तुमी बरुबर बोलला. पर मला ठाव हाय शीव कुटनं जाती. ठाव असून मी धर्माचं नाव सांगून घरात बसलो, तर हात धुतल्यावानी हुईल. मन कसं धुतलं म्हनायचं?"

"तुला कुणी विचारलं तर ना!"

"इचारलंय की. दोन गावांनी इचारलंय."

मास्तर उठले. त्यांचा आवाज एकदम बदलला. "तुझ्या पोरीशेजारी माझी बायको आहे, यल्लाप्पा," ते म्हणाले आणि निघून गेले.

भाकरी करपल्याचा वास सुटला तेव्हा मनुबाईनं ती तव्यावरनं काढून बाजूला टाकली. "अवो," ती म्हणाली, "टेक खरंच त्यांचं हाय?"

"व्हय."

"पैल्यापास्नं ठाव हुतं तुमास्नी?"

"व्हय."

"मार्थाला पुरली तवा बी?"

त्यानं मान हलवली. मनुबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. रडली नाही. दुसरी भाकरी थापायला घेतली, थापता थापता थांबली. "मला सांगायचं हुतं," ती म्हणाली. "येकट्यानंच वागवत बसला. मी काय, सदाफुली दुसरीकडं लावली असती." आणि थोड्या वेळानं, "जावा, चाला. तुमास्नी झोप न्हाय लागायची न्हाईतर. मग मला बी न्हाय लागायची, घोरायच्या ऐवजी कन्हत बसता."

शीव चालायच्या दिवशी दोन्ही गावं माळावर उतरली. कुरडवाडीचे भीमगोंडा पाटील छत्री घेऊन आले होते. जैन माणूस, अंगानं लठ्ठ, बोलायला तोलून मापून. देवीचा पुजारी ताटात भंडारा, लिंबाची डहाळी आणि ओलं ढेकूळ घेऊन पुढं झाला. यल्लाप्पानं हात जोडले आणि मागं सरकला.

"न्हाय. मी तसाच चालतो."

गलका झाला. "देव सोडला, आता शीव बी सोडतोय!" एकजण ओरडला. दुसऱ्यानं भर घातली, "किरिस्तावाच्या डोस्क्यावर ढेकूळ ऱ्हात न्हाय रं, टोपी लागतीय सायबाची!"

"टोपी असती तर उनात बरीच झाली असती, आप्पा," यल्लाप्पा म्हणाला. "कुनी देत न्हाय."

हसण्याची एक लाट उठली आणि विरली. भीमगोंडा पाटलांनी छत्री मिटली. "यल्लाप्पा, तुझा बा ढेकूळ घेऊन चालायचा. आम्ही मान खाली घालून मागनं यायचो. तू शपथ घेनार न्हाईस, तर तुझ्या चालन्याला धरायचं कशाला? तुझी पोर टेकावर हाय. तू टेकाच्या कुठल्या अंगानं जानार ते आमाला आत्ताच ठाऊक हाय."

"आण्णा, माझ्या देवानं सांगितलंय, व्हय ते व्हय म्हन, न्हाय ते न्हाय. त्येच्या म्होरं आण घ्यायला मला जागा न्हाय. तुमाला ठाऊक हाय म्हनता, मग चालू द्या की. चुकलो तर रेघ पुसून टाका. चुनाच हाय."

भीमगोंडांनी मारुतीरावांकडं बघितलं. मारुतीरावांना घाई होती. "चालू दे, चालू दे," ते म्हणाले. त्यांनाही तेच ठाऊक होतं.

यल्लाप्पा उंबराखाली जाऊन उभा राहिला. डोकं उघडं होतं आणि ते त्याला फार हलकं वाटत होतं, इतकं की मान कशी धरावी ते कळेना. ओठांतल्या ओठांत तो एवढंच म्हणाला, देवा, माझे पाय बघ. मग डोंगराच्या खाचेवर नजर लावली आणि निघाला. मागं माळगट्टीचा कोतवाल चुन्याची पाटी घेऊन, त्याच्या मागं दोन गावं.

पहिला टप्पा सगळ्यांना ठाऊक असलेला. मग टेक दिसायला लागलं. वर थडग्यांपाशी मनुबाई उभी होती. ती कधी वर गेली ते त्याला कळलं नव्हतं. तिच्या पायांशी सदाफुलीचा गुलाबी ठिपका. इथं वाट दोन्ही अंगांना सारखीच मोकळी होती. टेकाच्या पलीकडनं जाणं काही अवघड नव्हतं. चार पावलं उजवीकडं, आणि मार्था माळगट्टीची झाली असती. कुणाला नवल वाटलं नसतं. कुरडवाडीनं शिव्या घातल्या असत्या एवढंच, आणि त्या त्यांनी आधीच घालून ठेवल्या होत्या.

जमिनीकडं बघू नगंस. बापाचा आवाज कानात नव्हता. तो पायातच होता. यल्लाप्पानं एकदा मागं वळून उंबर बघितला, पुढची खाच बघितली, दोन्ही एका दोरीत धरली आणि टेकाच्या डाव्या पायथ्यानं चालू लागला. माळगट्टीच्या अंगानं.

मागचा चुना थांबला. कोतवाल पाटी धरून उभाच राहिला होता.

"चुना टाक रं," यल्लाप्पा न वळता म्हणाला.

"यल्ला," मारुतीरावांचा आवाज आला, "डोळं फुटलं काय तुझं?"

"न्हाय, पाटील. शीव हितनंच हाय."

चुना पडला. टेक, टेकावरची थडगी, सदाफुली आणि मनुबाई, सगळं रेघेच्या पलीकडं राहिलं. काठ्या घेऊन आलेल्या माणसांना काठ्यांचं काय करावं ते सुचेना. त्या तशाच धरून ती डोंगराच्या पायथ्यापर्यंत मागनं आली. शेवटी यल्लाप्पा थांबला आणि घाम पुसायला लागला, तेव्हा पुजारी ताट घेऊन भीमगोंडांकडं आला. अजूनही शपथ घालायची काय, असं त्याला विचारायचं होतं.

"आता कशाला?" भीमगोंडा म्हणाले आणि त्यांनी छत्री उघडली.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. माळगट्टीत यल्लाप्पाला कुणी कामाला बोलावीना. ख्रिस्ती घरांतली माणसंसुद्धा तोंड फिरवायची. एका म्हातारीनं तर चारचौघांत म्हटलं, की हा स्वतःची पोर परक्या रानात टाकून आला. यल्लाप्पा ऐकून घ्यायचा. पण मनुबाईनं सांगितलेली एक गोष्ट खरी होती. त्याला झोप लागत होती. इतकी गाढ, की सकाळी उठल्यावर त्याला स्वतःचंच नवल वाटायचं. मनातलं ते बारीक कुसळ कुठं गेलं होतं कोण जाणे. तो अंथरुणावर बसल्या बसल्या देवाचे उपकार मानायचा, आणि मग मनुबाई म्हणायची, "आता उपकार झालं असतील तर पानी आना."

मग प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी एक भाकर वाटून खायचा, रविवार आला. त्या छोट्या मंडळीत एक रीत होती. भाकर मोडण्याआधी मास्तर थांबायचे, आणि ज्याच्या मनात कुणाविषयी काही अढी असेल त्यानं उठून त्या माणसाकडं जायचं. एरवी दोघी जावा उठायच्या, कोंबडीवरनं झालेलं भांडण मिटवायच्या, बाकीचे गालात हसायचे. त्या दिवशी कुणीच उठलं नाही. सगळे मेजाकडं बघत बसले. आणि मेजामागनं नागोजी मास्तरच चालत खाली आले. भाकरीवरचा रुमाल तसाच होता.

ते यल्लाप्पासमोर येऊन उभे राहिले. "त्या दिवशी मी तुला धर्माचं कारण सांगितलं," ते म्हणाले. "ते धर्मासाठी नव्हतं, यल्लाप्पाभाऊ. माझ्या बायकोसाठी, राहेलसाठी होतं. तुझ्या मनाला मी स्वच्छ म्हणत होतो आणि माझंच लपवत होतो. या मेजाला मी हात कसा लावू?"

यल्लाप्पा गडबडून उठला. "मास्तर, माझी मार्था बी तितंच हाय," एवढंच तो म्हणाला. दोघं एकमेकांचे हात धरून उभे राहिले. मग ती म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, भाकर वाळाय लागली," आणि सगळे हसले, आणि त्या दिवशी कुणीही मेजापासून दूर राहिलं नाही.

रोप लावणीच्या आधी भीमगोंडा पाटील टेकावर आले आणि त्यांनी यल्लाप्पाला बोलावणं धाडलं. मनुबाईही गेली. भीमगोंडा थडग्यांमधनं हळूहळू फिरले, सदाफुलीपाशी थांबले.

"जी हायत ती ऱ्हातील," ते म्हणाले. "नांगर भोवतीनं फिरंल. पानी घालायला यायला तुमाला कुनी आडवनार न्हाय. पर नवीन हितं न्हाय. आमच्या गावात मला बी जाब द्यावा लागतो."

मनुबाईनं विचारलं, "आन् आमी दोघं गेलाव तर, आण्णा? हिच्याशेजारी?"

भीमगोंडांनी मान खाली घातली. "न्हाय, आक्का."

तिनं वाकून सदाफुलीची वाळकी पानं खुडली. परत येताना यल्लाप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ दिली, लई झालं." मनुबाई म्हणाली, "लई झालं." आणि घरापर्यंत दोघंही तेच तेच म्हणत गेली, कधी तो म्हणायचा, कधी ती. ते त्यांच्या दुःखाला पुरलं नसेल, पण उपकार मानायला पुरलं.

त्या वर्षी भोवतीच्या काळ्या रानात तंबाखू कमरेइतकी वाढली, आणि मधलं टेक बेटासारखं कोरडं राहिलं. पुढच्या साली कुरडवाडीचा दुसऱ्या अंगाच्या गावाशी वाद निघाला, तेव्हा भीमगोंडांनी निरोप पाठवला, की यल्लाप्पाला आणा. ती शीव त्याला ठाऊक नव्हती. "मला येत न्हाय," असं त्यानं कळवलं. निरोप्या परत आला. चालू नको म्हणे, तिथं चालणारा दुसरा आहे; तू नुसता मागनं ये, आणि तो सरळ चालतो का ते बघ. यल्लाप्पा गेला. पुढं अशी बोलावणी बरीच आली, भुदरगडच्या बाजूपर्यंत. कुणी ढेकूळ आणलं नाही. दोन गावांच्या मध्ये त्याला बाजेवर बसवून चहा देऊ लागले, कपबशीतनं. पहिल्यांदा कपबशी हातात आली तेव्हा त्याला ती धरता येईना आणि अर्धा चहा सदऱ्यावर सांडला, हे तो स्वतःच हसत सांगायचा.

देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा यल्लाप्पा साठीच्या पुढं गेला होता. डोळे अधू झाले होते, पाय मात्र चालत होते. मनुबाई गेली होती; माळगट्टीच्या हद्दीत दफनासाठी नव्यानं मिळालेल्या तुकड्यावर ती पुरलेली होती. संध्याकाळी नागोजी मास्तर काठी टेकत यायचे आणि दोघं ओट्यावर बसायचे. यल्लाप्पा रोज देवाचे आभार मानायचा, आणि त्यात बायको, पोर, भीमगोंडा, मास्तर आणि कधीकधी ते कपबशीवालेही यायचे. मष्णूचं नाव आलं की तो थांबायचा.

"मास्तर," एके दिवशी तो म्हणाला, "मी माझ्या शबदावर चाललो, येशूला भिऊन. बा ढेकूळ घेऊन चालायचा, देवीला भिऊन. त्येनं येशूचं नाव जन्मात ऐकलं न्हवतं. पर माझी रेघ त्येच्या रेघंवरच पडली, बोटभर बी हिकडंतिकडं न्हाय."

मास्तर म्हणाले, "तुझ्या बापाचं मी पाद्रीसाहेबांना विचारलंय. त्यांनी फार चांगलं समजावून सांगितलं."

"मला बी सांगितलं त्यांनी. लई मायेनं सांगितलं. पर मला जे इचारायचं हुतं ते न्हाई मिळालं." यल्लाप्पानं आपल्या पायांवरनं हात फिरवला. "मला एवढंच पायजे, मास्तर. माझं मन येशूनं साफ ठेवलं, ते मला कळतंय. मग माझ्या बाचं कुनी ठेवलं हुतं?"